काकांचं एचटी-टू

गेल्या महिन्यात माळा आवरताना काकांची जुनी वही सापडली, म्हणून हे लिहायला घेतलं. थोडं लांबलंय, चहा घेऊनच बसा.

आमचे थोरले काका हवाई दलात फिटर होते. नोकरीची बरीच वर्षं बिदरला गेली, तिथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये. नवशिक्या वैमानिकांना त्या काळी पहिले धडे एचटी-टू या विमानावर मिळायचे. दोघं एकामागे एक बसायचे, पंख खालच्या अंगाला, शेपटीखाली छोटं चाक. पुढे ब्रिटिश बनावटीचं सिरस मेजर इंजिन, १५५ अश्वशक्तीचं, चारही सिलिंडर उलटे टांगलेले. ते इंजिन आपण डोळे बांधून जोडू शकतो, असं काका म्हणायचे. आम्ही कधी परीक्षा घेतली नाही.

हे विमान डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली तयार झालं. त्यांचा जन्म १९०८ चा, गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचा. बेळगावातून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचावं एवढंच अंतर. जर्मनीत गोटिंगेनला प्रांट्ल यांच्याकडे डॉक्टरेट केली, पुढे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये एचटी-टू पहिल्यांदा उडालं. आराखडा आपल्याच माणसांचा आणि कारखान्यातून दीडशेवर नग बाहेर पडले, असं ते पहिलंच विमान. घानाच्या हवाई दलानेही घेतलं होतं. आणि आपल्या भागात दहा जणांना विचारलं तर एकालाही घाटगे ठाऊक नसतात. काकांचा राग त्यावर होता.

निवृत्त होऊन शहापूरच्या घरी आल्यावर बरीच वर्षं नुसतं बोलणंच झालं. मग २००९ च्या दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं, चौथाई मापाचं एचटी-टू बांधायचं, आणि ते उडलं पाहिजे. शोकेसमध्ये ठेवायचं नाही. खऱ्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७२ मीटर, म्हणजे आमचा २ मीटर ६८ सेंटिमीटर. वहीच्या पहिल्याच पानावर वजनाचा हिशेब आहे. लांबी चौथाई झाली की वजन चौथाई होत नाही, चौसष्टावा हिस्सा होतं. खरं विमान भरलेलं साधारण १०१६ किलो, तेव्हा आमचं सोळा किलोच्या आत बसायला हवं. काकांनी खाली लिहिलंय, ‘बारा’, आणि दोन रेघा मारल्यात.

पंख एकसंध करायचं ठरलं होतं. माळ्यावर लाकूड कापायला सुरुवात झाली तशी काकू चहा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "हे खाली उतरणार कुठनं?" दोघं फिटर आणि इंजिनिअर, जिन्याचं वळण कुणीच मोजलं नव्हतं. मग पंखाचे दोन भाग झाले, मध्ये अॅल्युमिनियमचा पाइप सरकवून जोडायचे.

पहिला डावा पंख पावसाळ्यात केला. वाळल्यावर बघतो तर टोकाला मागची कड बोटभर वर उचललेली. आम्ही दमट हवेला शिव्या घातल्या, फेव्हिकॉलला घातल्या. चौथ्या दिवशी काकांनी ओळंब्याची दोरी ताणून बघितली, तर टेबलच वाकडं. असा पंख एका बाजूला कमी उचलतो आणि विमान त्याच बाजूला कलंडतं. पंख मोडला. नव्या घराच्या ओट्यासाठी आणून ठेवलेली कडाप्पाची फरशी माळ्यावर चढवली आणि पुढचं सगळं काम तिच्यावर झालं. ओटा दोन वर्षं रखडला, ते वेगळं.

खरं एचटी-टू पत्र्याचं. आम्हाला पत्रा मिळाला छापखान्यात. ऑफसेटवर एकदा छापून झालेल्या अॅल्युमिनियमच्या प्लेटा रद्दीच्या भावाने मिळायच्या, कात्रीने कापतील इतक्या पातळ. तरी चौरस मीटरला चारशे ग्रॅम भरायच्या. म्हणून पत्रा फक्त नाकाला आणि पंखाच्या मुळाशी लावला, बाकी सगळं पातळ प्लायवूड. छापाची बाजू आत. आजही नाकाचं झाकण काढलं की आत मराठी अक्षरं सरळ वाचता येतात, सीमाप्रश्नाची बातमी आणि तिच्या शेजारी बी-बियाण्यांची जाहिरात.

काचेसाठी अॅक्रिलिक तापवून लाकडी साच्यावर ओढायचं होतं. गल्लीतल्या बेकरीवाल्याने भट्टी दिली. पहिला तुकडा बुडबुडे येऊन पापडासारखा फुलला. पाव काढून दोन तास गेल्यावर भट्टी निवते, तेव्हा दुसरा जमला. इंजिन गवत कापायच्या मशीनचं घेतलं, पंख्याचा हब उद्यमबागेत लेथवर करून घेतला.

खरी अडचण शेवटी आली. सगळं जोडून तुळईला टांगलं, तर शेपटी खाली. तोल पंखाच्या पुढच्या भागात यायला हवा, तो बराच मागे होता. सोपा उपाय म्हणजे नाकात शिसं. खरं शेपटी तोलापासून लांब आणि नाक जवळ, त्यामुळे मागच्या शंभर ग्रॅमला पुढे पावणेतीनशे लागतात. आमचा हिशेब किलोच्या वर गेला. मी शिसं आणूनही ठेवलं. काका म्हणाले, "हे काय करूलास? उपयोग नाही ते वजन उचलायचं कशाला?"

पण ती शेपटी त्यांनी स्वतः केलेली. चार महिने, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, एकेक फासळी. नेहमीच्या सवयीने जरा जास्तच मजबूत. तीन दिवस ते माळ्यावर आलेच नाहीत. चौथ्या दिवशी आले, करवत मागितली आणि स्वतःच कापली. नवी शेपटी बाल्साची, सव्वाचारशे ग्रॅम हलकी. ती मी चिकटवली, ते शेजारी बसून सांगत होते, कारण मध्येच डोळ्याचं ऑपरेशन झालं.

शेवटचं वजन तेरा किलो दोनशे. बारा झालं नाही, ते त्यांना शेवटपर्यंत लागलं.

भात कापणी झाल्यावर, २०११ च्या जानेवारीत, सांबऱ्याच्या विमानतळापासून लांब म्हणून खानापूरच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शिवारात गेलो. रेडिओ चालवायला एनसीसीच्या एअर विंगमधला माझा मित्र. विमान सात मिनिटं उडलं. वळताना उन्हात पुढचा पत्रा चमकायचा. काकांनी वर बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल, ते डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. उतरताना ढेकळात एक चाक मुडपलं. जवळ गेल्यावर त्यांनी आधी सायलेन्सरचा बोल्ट हाताने बघितला. ढिला झाला होता.

काका २०१६ ला गेले. विमान आमच्याकडे पंख काढून टांगलेलं आहे, कधीही या बघायला. बिदरला त्या काळात कुणाचे वडील-काका होते का? एचटी-टूजवळ उभं राहून काढलेला फोटो असेल तर कळवा. आमच्याकडे एकही नाही.