अंगणातील पाहुणे

कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात, वेदगंगेच्या परिसरात मुरगूड हे गाव आहे. गावाभोवती उसाचे मळे, जवळच सर पिराजीराव घाटगे यांचे नाव धारण करणारा तलाव, आणि जुन्या कौलारू घरांच्या मागेपुढे तुळशीवृंदावन, जास्वंद, पेरू, शेवगा यांस पुरेल इतकी मोकळी जागा, असा त्याचा थाट. अशा ठिकाणी पाखरांस आमंत्रण द्यावे लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे दयाळाची शीळ सुरू होते. ऊन चढल्यावर तांबटाचा ठोका, हातोडीने पत्रा ठोकावा तसा, एकाच लयीत ऐकू येऊ लागतो. जास्वंदीपाशी शिंजीर येतो, कुंपणात बुलबुलाची जोडी घरासाठी जागा पाहते, आणि पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की दूर उत्तरेकडून आलेला धोबी शेपटी हलवीत ओलसर जागी फिरू लागतो. ही पाखरे माणसाच्या इतकी निकट वावरतात की ती आपल्या ओळखीचीच आहेत असे घरातील मंडळींस वाटते. परंतु ओळख आणि मैत्री ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि पहिलीपासून दुसरीपर्यंतचा प्रवास महाराष्ट्रात कसा झाला, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

मराठी घराने पाखरांस फार पूर्वीपासून आपल्या संसारात वाटा दिला आहे. पितृपक्षात कावळ्यासाठी घास काढून ठेवावयाचा, अंगणात सुपाने धान्य पाखडताना उडालेल्या कण्या चिमण्यांस सोडावयाच्या, आढ्याशी किंवा तसबिरीमागे काड्यांचा पसारा झाला तरी पिले उडून जाईपर्यंत त्यास हात लावावयाचा नाही, हे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते. पण ते पाळले जात. लहान मुलास घास भरविताना काऊचिऊ हजर असत, आणि शेणाच्या व मेणाच्या घरांची गोष्ट ऐकल्यावाचून कोणाचे बालपण पुरे होत नसे. मात्र अशाच घरांच्या ओसरीवर पोपटाचा पिंजराही टांगलेला दिसे. रानातून पिलू धरून आणावयाचे, त्यास बोलावयास शिकवावयाचे, आणि ते चार शब्द बोलू लागले की कौतुकाने पाहुण्यांस दाखवावयाचे, ह्यात कोणास विसंगती वाटत नसे. चिमणीस मोकळी ठेवणारा आणि पोपटास कोंडणारा माणूस एकच होता. पाखरू आवडणे म्हणजे ते आपल्या ताब्यात असणे, ही समजूत किती खोल रुजली होती, ते ह्यावरून ध्यानात येते.

पक्षिशास्त्राचा आरंभही ह्याच समजुतीतून झाला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. ह्या आठांत प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर होते. त्या काळी एखादा पक्षी निश्चितपणे ओळखावयाचा म्हणजे प्रथम तो मारावयाचा. मग त्याचे कातडे सोलून, आत कापूस भरून, पायास चिठ्ठी बांधून तो पेटीत ठेवावयाचा. ह्यात निव्वळ क्रौर्य होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. उत्तम दुर्बिणी दुर्मीळ होत्या, खिशात मावणारी सचित्र पुस्तके नव्हती, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करावयाच्या तर पंख, चोच आणि पाय मोजून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याच वर्षी, म्हणजे १८८५ साली, ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या आपल्या संग्रहात पक्ष्यांची हजारो कातडी होती. भारतीय पक्ष्यांच्या जातींविषयीचे पुढील बरेचसे ज्ञान अशा पेट्यांच्या आधारावर उभे राहिले.

तरीही पेटीतील पक्षी गात नाही, भांडत नाही आणि घरटे बांधीत नाही. तो कोण होता एवढेच सांगतो. कसा जगत होता ते सांगत नाही. खुद्द सोसायटीच्या जागेत १८९४ पासून १९२० पर्यंत विल्यम नावाचा एक मोठा धनेश पाळलेला होता. त्याच्यावर सर्वांचे प्रेम होते, आणि पुढे धनेश हेच सोसायटीचे बोधचिन्ह झाले. पण रानातील धनेशाचा संसार, झाडाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेणारी मादी आणि फटीतून तिला फळे भरविणारा नर, ह्यांपैकी काहीही त्या प्रेमळ बंदिवासात घडणे शक्य नव्हते.

सोसायटीच्या आठ संस्थापकांतीलच एकाने निराळी वाट दाखविली. एडवर्ड हॅमिल्टन एटकन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला. सरकारच्या कस्टम व मीठ खात्यात नोकरी करीत असता ते बंगल्याच्या व्हरांड्यात बसून घरात आणि बागेत येणारे प्राणी व पक्षी न्याहाळीत, आणि आपल्या नावाची केवळ आद्याक्षरे घालून त्यांच्याविषयी विनोदी ढंगाने लिहीत. बंगल्याभोवतीच्या जीवसृष्टीवरील त्यांचे पुस्तक १८८३ साली आणि मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरील पुस्तक १९०० साली निघाले. कावळ्याचा धीटपणा, चिमणीचा चिवटपणा ह्यांसारख्या गोष्टी, ज्यांकडे शिकारी ढुंकूनही पाहत नसे, त्या त्यांनी अभ्यासाच्या विषय केल्या. निरीक्षणासाठी हिमालय गाठावा लागत नाही, आरामखुर्ची आणि सबुरी असली म्हणजे पुरे, हा धडा त्यांनी घालून दिला.

ह्या दोन्ही वाटा एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईबापांचे छत्र लवकर हरपल्यामुळे ते मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतील घरी वाढले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास अलिबागजवळील किहीम येथे, तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीचे घरटे त्यांच्या दृष्टीस पडले. मादी आत अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर पहाऱ्यावर. मुलाने आडोशास लपून हवेच्या बंदुकीने तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीपाशी दुसरा नर हजर झाला, तोही टिपला. असे सात दिवसांत आठ नर त्याच जागी पडले, आणि प्रत्येक वेळी त्यांची जागा घेण्यास नवा नर आला. मुलाने ही हकीकत टिपून ठेवली होती. पुढे अनेक वर्षांनी ती छापली गेली आणि चिमणीच्या वर्तनाविषयीची एक महत्त्वाची नोंद म्हणून तिची गणना झाली.

१९०८ साली त्याच मुलाने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला. मामांनी त्यास सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठविले. मिलर्डनी ती रानचिमणी असल्याचे सांगितले, पेट्या उघडून दाखविल्या, आणि एका आयुष्याची दिशा ठरली.

परंतु खरे वळण १९३० साली आले. जर्मनीतून शिक्षण घेऊन परतलेल्या सलीम अलींस हवी ती नोकरी मिळेना. म्हणून ते किहीमच्या घरी राहावयास गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ह्या वेळी ते बंदूक घेऊन गेले नाहीत. घरट्यांच्या पातळीस येईल असा मचाण बांधून ते तासन् तास निश्चल बसले. मराठी भाषेने ह्या पाखरास सुगरण असे स्त्रीलिंगी नाव दिले आहे. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर, असे त्यांस दिसले. नर घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून पाहणी करितात, एखादीस पसंत पडले तर ती ते पत्करते. मग नर उरलेले काम पुरे करितो आणि दुसऱ्या घरट्याची सुरुवात करून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा निबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. सुगरणींची हजार कातडी पेटीत भरली असती तरी ही गोष्ट कळली नसती. सात दिवसांत आठ नर मारणारा मुलगा आणि मचाणावर श्वास रोखून बसणारा शास्त्रज्ञ ह्यांच्यामधील अंतर जेमतेम चोवीस वर्षांचे आहे. किहीम तेच, कुतूहलही तेच. बदलली ती कुतूहलाची रीत. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि घरोघरच्या माणसास बंदुकीवाचून पक्षी ओळखण्याचे साधन हाती आले.

ह्याहून एक पाऊल पुढे गेलेली उदाहरणे परदेशांत आहेत. इंग्लंडातील ससेक्स परगण्यात लेन हॉवर्ड नावाच्या बाईंनी आपल्या लहानशा घराच्या खिडक्या पाखरांसाठी उघड्या ठेविल्या. रामगंगेच्या जातीची पाखरे घरात येत, हातावर बसत, खोक्यांत निजत. प्रत्येक पाखराचा स्वभाव निराळा असतो असे बाईंनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवून दिले. त्यांनी एकही पाखरू कोंडले नाही. ते वाटेल तेव्हा जाऊ शके, म्हणूनच त्याच्या येण्याला अर्थ होता. त्यांची युक्ती फार साधी होती: घाई करावयाची नाही, एकाएकी हलावयाचे नाही, आणि पाखराचे भय आपण होऊन ओसरेपर्यंत थांबावयाचे.

मराठी अंगणात हीच रीत अधिक सोपी आहे. चैत्र-वैशाखात सावलीत, मांजराच्या झडपेपासून दूर, पाण्याचे एक परळ ठेवावे. पाणी रोज बदलावे. पाहणाऱ्याने ठरावीक वेळी ठरावीक जागी बसावे. शिंपी पाखरू पानांच्या कडा कापसाच्या तंतूंनी शिवते, शिंजीर कोळ्याच्या जाळ्याचा धागा वापरून लोंबते घरटे करिते, हे पाहावयास मिळाले तरी डोकावून पाहण्याचा मोह आवरावा. कारण वारंवारच्या भेटींनी कावळ्यास घरट्याचा पत्ता लागतो. जमिनीवर उतरलेले पिसे फुटलेले पिलू अनाथ समजून घरात आणू नये. बहुधा त्याचे आईबाप जवळच असतात. पोपटाचा पिंजरा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच ठरविला आहे.

मात्र एक नवी अडचण उभी राहिली आहे, आणि तिच्यात दुष्ट हेतू कोणाचाच नाही. कौले, वासे, खुंट्या, कोनाडे असलेल्या घरात चिमणीस बिऱ्हाड मिळे. गुळगुळीत स्लॅबच्या घरात ते मिळत नाही. दळलेले पीठ आणि निवडलेले तांदूळ पिशवीतून येऊ लागले. सूप थांबले आणि कण्याही थांबल्या. पिलांस किडे लागतात. फरशी घातलेल्या, औषध फवारलेल्या अंगणात ते कोठून मिळावेत? भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० साली निघालेल्या अहवालानुसार देशभर चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. घट दिसते ती मोठ्या शहरांत. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. ज्या पाखरास घर कधी मुद्दाम द्यावे लागले नाही, त्याच्यासाठी आज लाकडी खोकी टांगावी लागतात.

मुरगूडसारख्या गावांस ह्या अहवालात एक आशा आणि एक इशारा आहे. आशा ही की लहान गावांतून चिमणी अद्याप उठून गेलेली नाही. इशारा हा की गावेही शहरांसारखीच घरे बांधू लागली आहेत. आजीच्या सुपातून जे सहज घडे ते नातवास जाणून करावे लागेल: भिंतीत एखादे भोक, परसात एखादे देशी झाड, मातीचा एक कोपरा फरशीवाचून. बंदूक गेली, पिंजरा गेला. आता माणसाकडून पाखरांस एवढीच जागा हवी आहे. ती मिळाली तर पाखरू येईल, आणि उडून जाण्यास मोकळे असूनही पुन्हा येईल. मैत्रीची ह्याहून खरी खूण माणसांतही क्वचितच आढळते.