जमिनीखालचा विदर्भ

विदर्भ म्हटलं की आपल्याकडे मुंबई-नवी मुंबईत तीनच गोष्टी निघतात: कापूस, संत्री आणि आत्महत्या. चौथी गोष्ट जमिनीखाली आहे, म्हणून दिसत नाही. मँगनीज.

मी जुईनगरला राहतो. इथे ठाण्याची लाईन हार्बरला मिळते. रूळ एकमेकांना छेदतात, तिथे साधं पोलाद लवकर झिजतं. म्हणून साधारण बारा टक्के मँगनीजचं पोलाद वापरतात. ते रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शोधलं. पोलाद उद्योगाची भूक वाढली आणि १८९६ मध्ये मध्य प्रांतात खनिज शोधायला ब्रिटिश सिंडिकेट उभं राहिलं. पुढे रामटेकजवळचं मनसर, तुमसर तालुक्यातलं चिखला, पलीकडे बालाघाट असा खाणींचा पट्टाच तयार झाला. १९३३ मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं, त्यामागचं एक मोठं कारण हेच खनिज.

भूवैज्ञानिक फर्मरने १९०९ मध्ये इथल्या एका खडकाला 'गोंडाईट' नाव दिलं, गोंडांवरून. खडकाला नाव मिळालं, नफा मात्र विलायतेला गेला.

स्वातंत्र्यानंतर लगेच सगळं बदललं असं समजू नका. १९६२ मध्ये 'मॉईल' स्थापन झाली, तेव्हा ५१ टक्के वाटा केंद्र आणि दोन राज्य सरकारांचा होता. उरलेले ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडेच राहिले, ते थेट १९७७ पर्यंत! त्याआधीच, १९५६ ला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं. पट्टा एकच, राज्यं दोन. कंपनीचं मुख्यालय आजही नागपुरात आहे.

चिखल्यासारख्या भूमिगत खाणीत माणसं खाली उतरतात, खनिज काढतात, झालेली पोकळी वाळूने भरतात आणि त्या भरावावर उभं राहून वरचा थर फोडतात. शंभर वर्षांहून जुना हा पट्टा अजून देतोय.

पण खरा पैसा दगडात नाही, त्यापासून फेरोमँगनीज बनवण्यात आहे. त्या भट्ट्या प्रचंड वीज खातात. तुमसरजवळ माणेकनगरला असा कारखाना होता, तो बंद पडला. खनिज शेजारी, वीज विदर्भातच तयार होते, तरी भट्टी थंड!

विदर्भाच्या अनुशेषावर बोलताना सिंचनाचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. या थंड भट्टीचा हिशोब कोण मागणार?