मधुमेहातील गुंतागुंती (रहिमतपूर परिसराच्या संदर्भात)

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिल्याने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना होणारी इजा. बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड व मज्जातंतूंना झळ पोहोचते. मोठ्या बिघडल्या की हृदयविकार, पक्षाघात आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणे. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह निदानाआधी काही वर्षे मुकाट असतो. म्हणून ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात (1977–1997) नव्याने निदान झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कसली ना कसली गुंतागुंत आधीच आढळली होती.

कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर (जि. सातारा) हे पुणे–मिरज लोहमार्गावरचे गाव, भोवती उसाची बागायत. अशा भागात सर्वांत दुर्लक्षित गुंतागुंत पायाची. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. पुढे पाय बधिर होतो, आणि बरेच जण त्यालाच ‘बरं वाटलं’ समजतात. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, तेव्हा दारं धरायला अनवाणी उतरलेल्या माणसाच्या तळव्यात धसकट किंवा काटा रुतला तरी त्याला कळत नाही. ओल्या मातीत जखम चिघळते, जंतुसंसर्ग हाडापर्यंत जातो आणि शेवटी बोट किंवा पाय कापावा लागतो. आषाढी वारीला लोणंद–फलटणमार्गे चालणाऱ्या मधुमेही वारकऱ्याच्या फोडांचेही असेच होऊ शकते. घरगुती उपाय म्हणून तळवे गरम पाण्यात किंवा शेकोटीपुढे शेकणे तर धोक्याचेच, कारण भाजले तरी समजत नाही.

अंगमेहनत करणाऱ्याला ‘शुगर’ होत नाही, हा समज अर्धाच खरा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरांत मधुमेहाचे प्रमाण 10.9 टक्के, तर खेड्यांत 6.5 टक्के होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी खेड्यांतल्या सडपातळ माणसांनाही मधुमेह का होतो, याचे एक कारण पुढे आणले: पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतील बाळे सरासरी 2.7 किलोची, साउदम्प्टनची 3.5 किलोची, पण पुण्याची बाळे लहान असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, घटले होते ते स्नायू. म्हणून वजनकाट्यावर सडपातळ ठरणाऱ्या माणसाचाही कंबरेचा घेर मोजावा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंमी ही भारतीयांसाठीची मर्यादा.

गुंतागुंत कोणाला लवकर गाठते? आजार जितका जुना आणि तीन महिन्यांची सरासरी साखर जितकी जास्त, तितका धोका मोठा. पण साखरेवरच डोळा ठेवून रक्तदाब विसरणे ही नेहमीची चूक आहे. वरील ब्रिटिश अभ्यासात रक्तदाब काटेकोर ठेवलेल्यांत पक्षाघात 44 टक्क्यांनी घटला. तंबाखू, त्यात मिसरीही आली, आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांची भर पडते. या सावकाश होणाऱ्या इजेखेरीज एक तात्काळ धोकाही असतो: गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न जेवता रानात राबणाऱ्याची, तसेच एकादशीला उपाशी राहणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते. उलट साबुदाण्याची खिचडी ती चढवते.

मूत्रपिंडाचा बिघाड सूज येण्याच्या बराच आधी लघवीतल्या अल्ब्युमिनवरून कळतो, डोळ्याचा पडद्याच्या तपासणीवरून. पायाची संवेदना नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवून पाहतात. त्याला काही मिनिटे पुरतात. या तपासण्या वर्षातून एकदा हव्यात, तळवे मात्र रोज पाहावेत: स्वतःला वाकता येत नसेल तर आरशात, नाहीतर घरच्यांनी.