‘कायमचं’ म्हणजे किती वर्षं? घरच्या व्हिडिओची तबकडी

आज एक घरगुती प्रश्न घेतो. लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेटला बुरशी धरू लागली की लोक म्हणायचे, “सीडी करून टाका, कायमचं काम होईल.” तत्त्वज्ञानाच्या माणसाला ‘कायमचं’ हा शब्द खटकतोच. तो तपासू.

१९९३ साली व्हिडिओ सीडीचं मानक ठरलं. चित्र व्हीएचएसच्या तोडीचं, वेळ जेमतेम ७४ मिनिटं. १९९५ साली कंपन्यांचं डीव्हीडीवर एकमत झालं; एका थरात ४.७ जीबी. पण घरी लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर हे एकमत टिकलं नाही. पायोनियरने १९९७ साली डीव्हीडी-आर आणली. सोनी, फिलिप्स वगैरेंचा ‘प्लस’ गट वेगळा निघाला. दुकानात ग्राहक विचारायचा, “प्लस घेऊ की मायनस?” २००२ च्या अखेरीस सोनीने दोन्ही लिहिणारा रायटर आणला आणि भांडण निवलं.

पण खरा प्रश्न रायटरपेक्षा तबकडीचा होता. विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीत खळगे साच्याने उमटवलेले असतात. आपण लिहितो त्या तबकडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझर त्यात खुणा भाजतो. आता रंग म्हटला की ऊन, उष्णता, दमट हवा आलीच. शिवाय डब्यावरचं नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा, असंही असे. म्हणून जाणकार तबकडीवरचा निर्मात्याचा कोड वाचून बघत आणि जपानच्या तैयो युदेनचा माल शोधत.

हे शहाणपण मला उशिरा आलं. २००४ साली वडिलांच्या गप्पांची एक कॅसेट मी सुट्या, स्वस्त तबकडीवर घेतली. वेग सगळ्यात जास्त ठेवला, पडताळणी केली नाही, आणि कॅसेट टाकून दिली. आठ वर्षांनी लावली, तर वडील गावच्या विहिरीची गोष्ट सांगता सांगता अर्ध्या वाक्यात थांबतात. पुढचं वाक्य आता कोणाकडेच नाही.

तेव्हा नियम साधे. तबकडी खात्रीच्या निर्मात्याची घ्या, वेग मध्यम ठेवा, एका तबकडीत तास-दीड तासच भरा. लिहून झाल्यावर पडताळा. वर कागदी लेबल चिकटवू नका. दोन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा. मूळ फीत टाकू नका.

आणि तरीही ‘कायमचं’ होत नाही. तैयो युदेननेच २०१५ साली हा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. लॅपटॉपमधून ड्राइव्हही गेला. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात नागसेन एका दिव्यावरून दुसरा दिवा लावण्याचा दृष्टान्त देतो. विषय पुनर्जन्माचा, पण आपल्यालाही लागू पडतो. पहिला दिवा विझण्याआधी दुसरा लावावा लागतो, बस्स.

येत्या दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातल्या तबकड्या काढा आणि हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. दर काही वर्षांनी पुन्हा. माझं एक वाक्य गेलं, तुमचं जाऊ देऊ नका.