जोतीरावांनी निवडलेले परीक्षक

स्वतःचे पुस्तक स्वतःच काढणे म्हणजे निव्वळ हौस, हा समज जोतीराव फुले यांच्या ग्रंथांपुढे टिकत नाही. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी स्वतःच काढली; ती अशा मान्यतेसाठी अडून राहिली नाही, म्हणूनच ती वेळेत वाचकांच्या हाती पडली.

चाळणी नसली तर सुमार लेखन बोकाळते, हा आक्षेप खरा आहे. पण चाळणी धरणाऱ्या हातांनाही हितसंबंध असतात. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे सुरुवातीचे भाग छापून ‘दीनबंधु’नेही हात आखडता घेतला. हे तर जोतीरावांच्याच सत्यशोधक समाजाच्या गोटातले वृत्तपत्र! जोतीरावांनी मात्र जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी हस्तलिखित लोकांना वाचून दाखवले. ज्यांच्या कर्जाची, शेतसाऱ्याची कहाणी त्यात होती, तेच समोर बसून ऐकत होते. याहून कठोर परीक्षा कोणती? स्वयंप्रकाशनाने लेखक परीक्षा चुकवत नाही, तो परीक्षक बदलतो. मराठी विचाराला त्या बदलानेच बळ दिले.