लग्नगडी : मांडवाच्या मोबदल्यात गहाण पडलेले स्वातंत्र्य

१/ लग्न की स्वातंत्र्य, हा प्रश्न शहरांतील शिकलेल्या पिढीने आणला, असा सर्वसाधारण समज आहे. पण तानसा-भातसाच्या खोऱ्यांत आणि शहापूरपासून डहाणूपर्यंतच्या आदिवासी पाड्यांवर हा प्रश्न कितीतरी जुना आहे. तेथे लग्न करणे म्हणजे अनेकांसाठी शब्दशः गहाण पडणे होते. अशा गहाण पडलेल्या माणसाला नावही होते : लग्नगडी.
#इतिहास #थ्रेड

२/ प्रथम त्या काळातील मुंबई. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला. १८८४ मध्ये त्यांचा नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. १८८७ मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद’ असा हुकूम झाला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या.

३/ याच सुमारास, त्याच मुंबईची तहान भागवण्यासाठी शहापूरच्या जंगलात तानसा धरण बांधले जात होते. १८९२ मध्ये ते पूर्ण झाले. रखमाबाईंच्या नकाराने वृत्तपत्रांची पाने भरली. धरणाभोवतीच्या मुलखात मात्र लग्नाच्या मांडवाला दिला जाणारा नकार कोर्टाच्या दप्तरात शिरलाच नाही. तो पाड्यावरच राहिला.

४/ ‘लग्नगडी’ म्हणजे काय? वर्षाच्या बोलीवर राबणारा तो सालगडी. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी राबणारा तो लग्नगडी. सालगड्याचे साल संपते. लग्नगड्याच्या मुदतीला शेवट नसे. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या समाजांतील भूमिहीन किंवा नावापुरती जमीन असलेला तरुण या फासात सहज सापडे.

५/ खर्च कशाचा? मुलीच्या बापाला द्यायचे देज, वधूचे लुगडे, पाहुण्यांसाठी तांदूळ आणि दारू. शहरी नजरेला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण ज्याच्या हाती वर्षभरात रोख पैसाच येत नाही, त्याला ती डोंगराएवढी. ती देणारा एकच : गावचा सावकार. बहुतेकदा जमिनीचा मालकही तोच.

६/ फेड पैशात नसे, अंगमेहनतीत असे. गड्याला पोटापुरते धान्य मिळे, मजुरी हाती पडत नसे. व्याज चालूच राही. आजारपणात दिवस बुडाला की तोही हिशेबात चढे. हिशेब लिहिणारा मालक, अंगठा उठवणारा निरक्षर गडी. त्यामुळे मुद्दल किती उरले, हे मालकच सांगणार. बापाचे कर्ज मुलाच्या खांद्यावर आल्याचीही उदाहरणे आहेत.

७/ यातील सर्वांत जीवघेणा भाग बायकोचा. कर्ज घेतले नवऱ्याने, पण लग्न लागताच तीही मालकाच्या घरी-शेतावर राबू लागे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासी भागांची पाहणी केली. त्यात शहापूर तालुकाही होता. गड्यांच्या बायकांवर जमीनदार शरीराचाही हक्क सांगत, हे त्याने सरकारी अहवालात नोंदवले.

८/ कायदा काय करत होता? कंपनी सरकारने १८४३ मध्येच गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली होती. १८६० च्या दंडसंहितेत सक्तीची मजुरी गुन्हा ठरली. पण लग्नगडी कागदोपत्री गुलाम नव्हता. तो ‘ऋणको’ होता. गुलामाला कायद्याने सोडवले आणि कर्जदार म्हणून पुन्हा बांधले.

९/ मग सुटकेची वाट कोणती? एक वाट खुद्द रूढीनेच ठेवली होती. वारली आणि शेजारच्या काही समाजांत स्त्री-पुरुष विधी न करता एकत्र संसार थाटू शकत. मुले होत, घर चाले, समाज त्यांना वाळीत टाकत नसे. धवलेरीला बोलावून लग्न लावायचे ते पुढे, ऐपत आल्यावर.

१०/ दुसरी वाट घरजावयाची. देज देण्याऐवजी मुलाने सासऱ्याच्या शेतावर काही वर्षे राबायचे. कष्ट इथेही होते, पण ते नात्यातले होते आणि त्यांना मुदत होती.
या दोन्ही वाटांत जोडीदार मिळे आणि सावकाराचा उंबरठा टळे. बाहेरच्यांनी ज्याला ‘सैल चालीरीत’ म्हणून हिणवले, त्यात इतका रोखठोक हिशेब दडलेला होता.

११/ ही वाट फुकटची नव्हती. राहिलेले लग्न हे कुळाचे देणे मानले जाई. मुलांच्या लग्नाआधी आईबापाचे लग्न लागलेच पाहिजे, असा दंडक होता. त्यामुळे एकाच मांडवात आधी बाप आणि मग मुलगा बोहल्यावर चढल्याची दृश्ये दिसत. म्हणजे निवड होती ती लग्न नाकारण्याची नसून लांबवण्याची. जितके लांबेल तितके दिवस मोकळे.

१२/ एकेकट्याने टाळाटाळ केल्याने प्रथा मोडत नाही. ती मोडायला संघटना लागली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. दूरच्या उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि काही वारली तेथे पोहोचले. वेठीची हकिगत त्यांनी भर सभेत मांडली.

१३/ २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. ठराव साधे होते : वेठ करायची नाही, रोजी बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाय ठेवायचा नाही, मारहाण सोसायची नाही. लाल बावटा घेतलेले जथे गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना मालकाच्या वाड्यातून बाहेर बोलावू लागले.

१४/ किंमत मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर. वडिलांचा रोष पत्करून स्वतःचा मार्ग निवडलेली, कायद्याची पदवीधर स्त्री. त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लग्नगडी समजून घेण्यासाठी आजही प्रथम वाचावे असे.

१५/ तरी प्रथा मुळातून उखडली नाही. वेठबिगार निर्मूलनाचा केंद्रीय कायदा १९७६ चा. त्यानंतरही तानसेच्या खोऱ्यात वेठबिगार सापडत होते. १९८० च्या दशकात वसईच्या उसगाव-दहिसर भागात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने त्यांना सोडवायला सुरुवात केली. हे काम पुढे शहापूर, भिवंडी, वाड्यापर्यंत पसरले.

१६/ आज ‘लग्नगडी’ हा शब्द जुना झाला. पण दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीकडे निघतात, तेव्हा अनेकांनी आधीच बयाणा उचललेला असतो. तो कशासाठी उचलला, याच्या उत्तरांत दुखणे आणि सण यांच्या जोडीला ‘लग्न’ हा शब्द अजूनही येतो. फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी विटा पाडायच्या.

१७/ रखमाबाईंना नको असलेला नवरा नाकारायचा होता. तानसेकाठच्या जोडप्यांनी एकमेकांना हवे म्हणून निवडले होते. त्यांना नाकारायचा होता तो मांडवाआड उभा असलेला तिसरा माणूस, ज्याच्या हातात वही होती. इतिहासात या नकाराची नोंद शोधायची तर लागलेल्या लग्नांबरोबरच, वर्षानुवर्षे न लागलेली लग्नेही मोजावी लागतील.

(समाप्त)