डोंगरातले नौदल आणि महायुद्धाचे ग्रंथ

लोणावळ्याहून भुशी धरणाकडे जाणारा रस्ता पुढे नौदलाच्या यांत्रिकी प्रशिक्षण केंद्रापाशी पोहोचतो. समुद्र राहिला घाटाखाली, तरी 15 फेब्रुवारी 1945 रोजी रॉयल इंडियन नेव्हीने हे केंद्र मावळातच सुरू केले, तेही ‘एचएमआयएस शिवाजी’ या नावाने. मराठेशाहीचा शेवट करणाऱ्या सत्तेला लोहगड-विसापूरच्या मुलखात हेच नाव द्यावेसे वाटले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

केंद्राची गरज युद्धाने निर्माण केली. 1939 मध्ये या नौदलात दोन हजारांच्या आसपास माणसे होती; 1945 अखेर खलाशांचीच संख्या 20 हजारांवर गेली. भरती लवकर उरकता येते. पण बॉयलर सांभाळणारा स्टोकर आणि बिघडलेले इंजिन भर समुद्रात चालू करणारा आर्टिफिसर कार्यशाळेतच घडवावा लागतो, आणि कार्यशाळेला समुद्रकिनारा लागत नाही.

युद्धाच्या पुस्तकांत या माणसांना जागा कमी मिळते. ‘बंगाल’ या छोट्या सुरुंगशोधक नौकेने नोव्हेंबर 1942 मध्ये दोन जपानी जहाजांना दिलेली झुंज, किंवा जानेवारी 1945 मध्ये आराकानच्या खाड्यांत ‘नर्बदा’ आणि ‘जमना’ यांनी केलेला तोफांचा मारा सांगितला जातो. तोफेखालच्या तापलेल्या इंजिनखोलीत कोण होते, हे क्वचितच. कमांडर डी. जे. ई. कॉलिन्स यांचा 1964 चा अधिकृत इतिहास विस्तार आणि प्रशिक्षणाची दखल घेतो, म्हणून तो आजही टाळता येत नाही.

अलीकडच्या ग्रंथांनी दृष्टी रुंदावली. यास्मिन खान (2015) आणि श्रीनाथ राघवन (2016) यांनी रणांगणाइतकेच महत्त्व युद्धकाळातल्या भारतीय समाजाला दिले. प्रमोद कपूर यांचे 2022 चे पुस्तक 1946 च्या नाविकांच्या उठावावर आहे. लोणावळ्याच्या दृष्टीने तेच सर्वांत उद्बोधक ठरते. 18 फेब्रुवारी 1946 रोजी ठिणगी पडली ती मुंबईच्या ‘तलवार’ या संदेशवहनाच्या प्रशिक्षण केंद्रात. निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा ही तात्कालिक कारणे होती. पण शिकलेल्या, तांत्रिक काम जाणणाऱ्या तरुणांना ती असह्य झाली, हे त्यामागचे खरे बळ. युद्धासाठी दिलेल्या शिक्षणानेच साम्राज्याचा पाया खिळखिळा केला. युद्धेतिहासात प्रशिक्षण केंद्रांना परिशिष्टात ढकलणे म्हणूनच चुकीचे आहे.

26 जानेवारी 1950 रोजी भारत प्रजासत्ताक झाल्यावर केंद्राचे नाव ‘आयएनएस शिवाजी’ झाले. ‘कर्मसु कौशलम्’ हे त्याचे बोधवाक्य. नौदलाचे सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण येथे चालते, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये त्याला राष्ट्रपतींचा ध्वज प्रदान करण्यात आला.